थंडीत खोकणारी बोट

अण्णा,

बोटीच्या इंजिनाला जाणारं पाणी मी कमी केलं. तुम्ही काढून टाकलेलं पाण्याच्या कॉकचं चाक परत बसवलं. हे तुम्हाला कोणीतरी सांगायला हवं, आणि ज्यानं हात लावला त्यानंच सांगावं, म्हणून लिहायला बसले आहे. बसले म्हणजे, मधे दोनदा उठून झालं. एकदा गॅस बंद आहे का ते पाहायला, एकदा उगाच. गॅस बंदच होता. हल्ली माझं असंच चाललं आहे. कॉलेजच्या प्रयोगशाळेत एखादा बर्नर जरा फुरफुरला तरी मान वळते, आणि परभणीच्या रस्त्यावर मागून येणारा टेम्पो गिअर बदलताना अडखळला, तर तो पुढे निघून जाईपर्यंत माझा पाय उचलत नाही.

तुम्ही गेल्यावर बोट चुलतभावाकडे आली, हे तुम्हाला ठाऊक नाही, पण अंदाज असेल. तुमच्या शेवटच्या वर्षी तोच तर सुकाणूवर बसायचा. बोट तीच आहे. येलदरी धरणाच्या फुगवट्यात, आपल्या काठावरून पलीकडच्या काठाला जाणारी, लाकडी, तळाला पत्रा ठोकलेली, आणि पोटात मधोमध फळ्यांच्या खोक्यात तुमचं विहिरीवरचं डिझेल इंजिन. ते तुम्ही बसवलं तेव्हा मी चौथीत असेन. तुमची जिंतूरची इंजिनदुरुस्तीची टपरी, तिथले लोक खास बघायला आले होते. "मिस्त्री, धरण उपसून टाकायलाव का काय?" असं एकजण म्हणाला आणि सगळे हसले. तुम्हीही हसलात. मग हँडल मारलं, मी खटका सोडला, इंजिन सुरू झालं, आणि बोट लोकांच्या हसण्यापासून लांब लांब जायला लागली. हँडल फिरेपर्यंत अंगठ्यानं खटका दाबून धरायचं काम माझं, हे तुम्ही कोणाला विचारून ठरवलं नव्हतं. आईला आवडलं नव्हतं. पण मला अजूनही, कुठलंही इंजिन सुरू होताना, उजव्या हाताचा अंगठा आपोआप वर होतो.

भरात चालताना ते इंजिन कधी चुकलं नाही. काठाशी आलं, वेग कमी केला, की मात्र खोकायचं. टक टक टक, मग एक ठोका गायब, मग दोन एकदम, पांढरा धूर, आणि सगळी बोट कणकण आल्यासारखी थरथरायची. आम्ही त्याला खोकलाच म्हणायचो. आई चुलीपाशी बसलेली असायची. तो आवाज काठाकडून आला की म्हणायची, "आली तुमची खोकली. पाट टाका." आणि तवा ठेवायची. तुम्ही इंजिन बंद करून, धाकटे काका पुढे बांबू घेऊन, दोघं मिळून बोट बुडालेल्या बाभळींच्या बुंध्यांमधून काठाला लावायचा. चढण चढून घरात येईपर्यंत पहिली भाकरी फुगलेली असायची. तुमचे हात बर्फासारखे असायचे आणि तुम्ही ते माझ्या गालाला लावायचा. इंजिनातून बाहेर पडणाऱ्या पाण्याखाली धरलेले ते हात. "बघ माय, कसं गार पाणी सोडायलंय," तुम्ही म्हणायचा, आणि हे सांगताना तुमच्या तोंडावर जी खुशी असायची ती मला आत्ताही दिसते आहे. मी परीक्षेत पास झाले तेव्हाही तुम्ही इतके खूश झाल्याचं आठवत नाही. हे लिहायला नको होतं कदाचित. पण खरं आहे.

आता काका नाहीत. भाऊ एकटाच बोट नेतो, त्याला बांबू आणि सुकाणू दोन्ही सांभाळता येत नाही. म्हणून तो हळू वेगात इंजिनावरच काठापर्यंत येतो. पाण्याखाली गेलेल्या बाभळींचे बुंधे तुम्हाला पाठ होते. दोन बुंध्यांमधून बैलगाडीएवढी वाट आहे, तीही पाणी उतरलं की अरुंद होते. या थंडीत एका सकाळी, पलीकडच्या बाया बाजाराला येत असताना, नेमकं त्या वाटेत इंजिन खोकलं आणि बंद पडलं. वाऱ्यानं बोट आडवी झाली आणि बुंध्यावर गेली. फळी चिरली. एक म्हातारी बोटीतच पडली आणि तिचं मनगट मोडलं. पाण्यात कोणी गेलं नाही. भाऊ मला फोनवर हे तीनदा म्हणाला, "पाण्यात कुनी गेलं न्हाई आक्का, पाण्यात कुनी गेलं न्हाई," आणि मला कळलं की त्याला रात्रंदिवस तेच दिसतं आहे. बाया म्हणाल्या, आता आम्ही या बोटीत पाय ठेवणार नाही. त्यांच्या काठाला एसटी नाही. धरणाच्या भिंतीला वळसा घालून यायचं तर अर्धा दिवस जीपमध्ये जातो. म्हणजे त्यांची भाजी, त्यांचा दवाखाना, सगळंच तुटलं. आणि भावाचं दुसरं काही नाही.

मी गेले तेव्हा बोट काठावर ओढून ठेवली होती. भाऊ म्हणाला, "तुमी हो मनलात तर चालू करू. न्हाई मनलात तर भंगारवाल्याला सांगून ठेवलंय, सोमवारी येतो मनलाय." मी म्हटलं, माझ्यावर का टाकतोस? मी लॅबमध्ये काचेची भांडी मोजणारी बाई. तो तुमच्याबद्दल म्हणाला, "मोठ्या काकाजवळ खटका कोन धरत होतं? मी का?" त्याची बायको दारातून म्हणाली, "आक्का, ह्येंना तर इंजिनाच्या पाया पडून चालू करायची सवय लागलीय. तुमी निदान पाना तरी धरताव." भाऊ ओशाळून हसला. बऱ्याच दिवसांत हसला असावा, कारण ती त्याच्याकडे बघतच राहिली.

चिरलेल्या फळीवर पत्रा ठोकून बोट काठालगत पाण्यात ढकलली आणि मग मी तुमच्या क्रमानं गेले. आधी डिझेल. टाकीच्या तळाचं थोडं बाटलीत काढून उजेडात धरलं, पाणी नव्हतं. मग नळीतली हवा. फिल्टरचा बोल्ट सैल करून हातपंप मारला, बुडबुडे आले, थांबले, स्वच्छ धार आली. बोल्ट आवळला. खोकला तसाच. फिल्टर नवा घातला. तसाच. नोझल काढून जिंतूरला नेलं, तिथल्या पोरानं दाब लावून दाखवला, फवारा ठीक पडत होता, तरी मी हट्टानं नवं नोझल घेतलं. तसाच. झडपांच्या टॅपेटमधली फट पातळ पत्ती घालून पाहिली, बरोबर होती. इंजिन ज्या लाकडावर बसलं आहे त्याचे बोल्ट आवळले, एक बराच सैल निघाला आणि मला वाटलं सापडलं. थरथर कमी झाली, ठोका चुकायचा तो चुकतच राहिला. शेवटी पाण्यातल्या पंख्याचा शाफ्ट सोडवला आणि नुसतं इंजिन चालवून पाहिलं. तरी खोकलं. म्हणजे पंखा, शाफ्ट यांचा दोष नाही, जे आहे ते खोक्यातच आहे. एका मिस्त्रीला आणलं. तो म्हणाला, "बाई, म्हातारं झालंय. कॉम्प्रेशन ऱ्हायलं न्हाई. ह्येचं आता काई खरं न्हाई." तो खोटं बोलत नव्हता. इंजिन म्हातारं आहेच. पण म्हातारपण नवं आहे आणि खोकला माझ्या चौथीपासूनचा आहे.

हे मी संध्याकाळी आईजवळ बोलत होते. ती भावाकडेच असते आता, त्याच चुलीपाशी. डोळ्यांना कमी दिसतं, कान मात्र पहिल्यासारखे. ती ज्वारीचं पीठ मळत होती. म्हणाली, "उन्हाळ्यात न्हाई खोकत ती."

मी म्हटलं, काय?

"उन्हाळ्यात न्हाई खोकत. कवाच न्हाई खोकली. उन्हाळ्यात तुझे अण्णा दारात येऊन उभं ऱ्हायले तरी मला कळायचं न्हाई. तवा तसाच गार. मग बसायचे वाट बघत."

मला ते आठवलं. उन्हाळ्यात तुम्ही उंबऱ्यावर बसून टोपीनं वारा घेत भाकरीची वाट पाहता आहात, ते आठवलं. इतकी वर्षं ते चित्र माझ्याजवळ होतं आणि मी त्याला कधी काही विचारलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी बोट दोरानं बाभळीला बांधली, इंजिन सुरू केलं आणि बराच वेळ हळू चालू दिलं. बाहेर पडणाऱ्या पाण्याखाली हात धरला. धरणाच्या पाण्याइतकंच गार. इंजिनाच्या हेडवर, म्हणजे माथ्यावर, हात ठेवला. अण्णा, चालू इंजिनाच्या हेडवर मी हात ठेवून उभी राहिले आणि मला काही झालं नाही. उन्हात तापलेल्या भिंतीवर ठेवावा तसा हात. डिझेल जळायला आत ऊब लागते. भरात डिझेल जास्त जळतं, आपली ऊब आपणच करतं, तेव्हा ठीक. हळू चालताना जी थोडी ऊब होते ती धरणातून इंजिनात येणाऱ्या तुमच्या मोठ्या पाइपातलं हिवाळ्यातलं पाणी धुऊन नेतं, मग एखाद्या ठोक्याला डिझेल पेटतच नाही, पांढरा धूर होऊन बाहेर पडतं. उन्हाळ्यात धरणाचं पाणीच कोमट. म्हणून उन्हाळ्यात खोकला थांबायचा. एवढंच होतं. इंजिन आजारी नव्हतं. ते गारठत होतं. आणि गारठवत होतात तुम्ही.

त्या पाइपावर कॉक आहे, पण त्याला चाक नाही, नुसता दांडा. चाक तुम्ही ज्या दिवशी काढलंत तो दिवस मला माहीत आहे. झरी गावच्या एका शेतकऱ्याचं इंजिन तुम्ही नवं करून दिलं होतं. त्याच्या गड्यानं इंजिनाला जाणारं पाणी बंद करून तेवढंही पिकाकडे वळवलं. इंजिन तापलं, पिस्टन जागच्या जागी जाम झाला. शेतकरी टपरीवर येऊन चार माणसांत तुम्हाला म्हणाला, "मिस्त्री, तुमच्या हाताला इमान ऱ्हायलं न्हाई." तुमची चूक नव्हती. घरी येऊन जेवला नाहीत, सरळ काठावर गेलात आणि बोटीच्या कॉकचं पितळी चाक काढून आणलंत, कोणालाही कधीही ते पाणी बंद करता येऊ नये म्हणून. ते चाक आईच्या दुधाच्या जाळीच्या कपाटाला मूठ म्हणून बसवलंत. नंतर एकदा मी पकडीनं तो दांडा फिरवून बघत होते, तर तुम्ही माझं मनगट धरलंत. मारलं नाहीत. म्हणालात, "माय, तापलेलं इंजिन माफी देत न्हाई." तुमचा आवाज इतका हळू होता की मी घाबरले.

भावाला सांगितलं तेव्हा तो उठूनच उभा राहिला. "आक्का, नोझल बदला, काई बी करा. पन पाण्याला हात लावू नका. मोठ्या काकानी चाक काढलं ते का उगंच?" मी समजावलं. तो म्हणाला, "मी मोठ्या काकाची आठवन ठेवून दरसाल पाइप साफ करतो. आतून घासतो. जरा गाळ बसू देत न्हाई." मला रडू आलं आणि राग आला, दोन्ही एकदम. तुमच्यावरच्या मायेनं तो दरवर्षी इंजिनाला आणखी गार करत होता. मग तो म्हणाला: "आन् तुमचं चुकलं तर? मधी पाण्यात जाम झालं तर? तवा बाया असतील बोटीत, तुमी असाल परभनीला."

त्या दुपारी मी काठावर किती फेऱ्या मारल्या कोण जाणे. मी चुकत असेन का? तुमच्यापेक्षा मला जास्त कळतं, हे दाखवायची हौस तर नाही ना ही? बी.एस्सी.ची पदवी घेऊन आले तेव्हा तुम्ही ती दोन्ही हातांत धरून पाहिली होती, डाग लागू नये म्हणून कडेनं. त्या माणसाची चूक काढायला मी इतकी उतावीळ का झाले आहे? आणि नाही काढली तर सोमवारी भंगारवाला येणार आहे. शेवटी मी कॉक खोलला. वर्षानुवर्षं न फिरलेला दांडा, रॉकेल घालून ठेवला तेव्हा कुठे हलला. पाणी अडवणारा आतला पितळी पडदा जिंतूरला लेथवाल्याकडे नेला आणि त्याला एक भोक पाडून घेतलं. आता चाक पार आवळलं तरी त्या भोकातून धार जातच राहणार. कोणाच्याही हातून पाणी पूर्ण बंद होणार नाही. तुमच्या भीतीसाठी माझ्याकडून एवढंच होण्यासारखं होतं.

चाक आणायला स्वयंपाकघरात गेले तर आई म्हणाली, "आता माझं कपाट कशानं उघडू?" मी मुठीच्या जागी सुतळी बांधून दिली. तिनं ती ओढून पाहिली. "त्येंना ठावं हाय का?" तिनं विचारलं. बोलता बोलता तुमच्याबद्दल ती असं विचारते कधीकधी. मी म्हटलं, सांगते.

आधी दोरानं बांधूनच चालवलं. एका हातानं चाक फिरवत, दुसरा पाण्याखाली धरून. थोडं आवळलं, वाट पाहिली. आणखी थोडं. भाऊ माझ्या हाताकडे बघत होता, जणू तोच भाजणार आहे. पाणी कोमट झालं, मग गरम, हात धरवेल पण फार वेळ नाही, इतकं. तिथे थांबले. पांढरा धूर विरळ होत गेला आणि दिसेनासा झाला. मग भावानं वेग कमी केला. टक, टक, टक, टक. आम्ही दोघं पुढच्या चुकीची वाट पाहत बसलो होतो आणि ती येतच नव्हती. भाऊ हळूच म्हणाला, "लय गोड चालायलंय की." मग आम्ही दोघंच पार पलीकडच्या काठापर्यंत जाऊन आलो, माझा हात पूर्ण वाटभर पाण्याखाली. दोनदा मला वाटलं पाणी जास्त तापतंय. नव्हतं तापत. बुंध्यांच्या वाटेतून बोट अशी आत आली, जशी म्हैस गोठ्यात येते, सवयीनं.

सोमवारी भंगारवाल्याला परत पाठवून भाऊ रिकामी बोट घेऊन पलीकडे गेला, मीही बसले. बाया काठावर उभ्या होत्या, जीपची वाट बघत. कोणी हलेना. मग ती मनगट मोडलेली म्हातारी, गळ्यात हात अडकवलेला, पुढे आली, आणि मला म्हणाली, "तू मिस्त्र्याची ल्येक ना गं? तू बसनार का हिच्यात?" मी म्हटलं, बसूनच आले मावशी. "मंग सर जरा," ती म्हणाली, आणि भावाला, "ह्या बारीला दुसरा हात मोडला, तर जेवू घालायला तुझ्याच घरी येऊन ऱ्हाईन." तिच्यामागून बाकीच्या चढल्या. सगळ्या वाटेत माझा हात पाण्याखाली होता.

तेव्हापासून बोट रोज चालते. हे सगळं चांगलं झालं, आणि तरी मी स्वस्थ नाही, ते यासाठी. परवा माझ्या मनात आलं की तुम्हाला हे ठाऊकच असेल. इतकी वर्षं इंजिनं हाताळलेल्या माणसाला गारठलेलं इंजिन ओळखता आलं नसेल? कदाचित तुम्ही विचार करूनच ठरवलं असेल. खोकणारं इंजिन बंद करून बांबूनं घरी येता येतं, तापून जाम झालेलं इंजिन मधे पाण्यात सोडून देतं. तुमच्याजवळ बांबू होता, काका होते. मग मी तुमची चूक दुरुस्त केली की तुमचा निर्णय मोडला? भोक पाडलं आहे, हे पुन्हा पुन्हा स्वतःला सांगते. भावाला फोन करून रोज विचारते, पाणी किती गरम आहे. तो म्हणतो, "तुमच्या चहाइतकं, आक्का. आता फोन ठिवा, बाया बसल्यात."

आणि आईला आता कळत नाही बोट कधी आली ते. भाऊ दारात येऊन उभा राहतो, तवा गार असतो. मी तिला विचारलं, चुकल्या-चुकल्यासारखं वाटतं का? ती म्हणाली, "काहून? बरं झालं की. किती बेजार होती बिचारी." आणि सुतळी ओढून कपाटातून दूध काढलं. तिचं काही अडलेलं नाही.

मागच्या रविवारी मी तिकडेच होते. संध्याकाळी बाया उतरल्या, भाऊ पोती घेऊन वर गेला. बोट पुढच्या वळणाला बांधून येते म्हणून मी एकटीच ती बाहेर काढली. वेग अगदी कमी केला, बोटीत मी सोडून कोणी नाही याची खात्री केली, आणि चाक पूर्ण उघडलं. पाणी कोमट झालं, मग गार. बराच वेळ काही नाही. मग एक ठोका गेला. मग दोन एकदम. धूर आला, बोट थरथरली, आणि मी अंगठा वर करून बसले होते. तेवढं ऐकलं, चाक परत जागेवर आणलं, पाणी तापलंय हे हातानं पाहिलं आणि बोट बांधून घरी गेले.

चुलीवर तवा होता. पहिली भाकरी फुगली होती. आई म्हणाली, "आज खोकली गं ती." मी म्हटलं, पंख्यात गवत अडकलं होतं. तिनं भाकरी माझ्या ताटात टाकली आणि पुढची थापायला घेतली.

हे कुठे पाठवणार, म्हणून वहीतच ठेवते. गवत नव्हतं, अण्णा.